डेमोनंतरचे प्रश्न : कामगारांच्या ऑनलाइन ट्रेनिंगमधलं नवं तंत्र विकत घेण्याआधी कसं पारखायचं

चाकण, वाळूज, सातपूर किंवा वेर्ण्यातल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात ट्रेनिंग सांभाळणाऱ्याकडे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी नवं काही विकायला येतं. कधी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा), कधी एआय ट्यूटर, कधी तीन मिनिटांचे व्हिडिओ आणि पॉइंट्स-बॅजेसचं ॲप. डेमो देखणा असतो, साहेबांनी तेच एखाद्या प्रदर्शनात पाहिलेलं असतं आणि या तिमाहीचं बजेट संपवायचं असतं. अशा वेळी 'हो' किंवा 'नाही' कशाच्या जोरावर म्हणायचं, त्याची ही रीत आहे. उदाहरणं कारखान्यातली, मुख्यतः बोल्ट आवळण्याची आहेत. बँकेत, हॉस्पिटलात किंवा आयटी कंपनीत असाल तर बोल्टच्या जागी तुमचं काम घाला.

आधी चूक लिहा

वेंडरला मीटिंगची वेळ देण्यापूर्वी एका कागदावर एक वाक्य लिहा : कोण, कुठल्या कामात, नेमकं काय चुकतो आणि किती वेळा. 'ऑपरेटरमध्ये क्वालिटीची जाणीव निर्माण करणे' हे वाक्य चालणार नाही, कारण ती जाणीव निर्माण झाली की नाही हे कोणी कधीच तपासू शकणार नाही. चालणारं वाक्य असं असतं : 'असेंब्लीवरचे पहिल्या 60 दिवसांतले ट्रेनी टॉर्क रेंचचा क्लिक आल्यावरही ओढत राहतात, मागच्या महिन्यात तपासलेल्या 200 बोल्टपैकी 31 जास्त आवळलेले निघाले.' टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, आणि टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणारा पाना. इथले आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही लाइनवरून आणा.

हे वाक्य लिहिता येत नसेल तर खरेदी तिथेच थांबवा. काय दुरुस्त करायचंय तेच ठरलेलं नसेल, तर कुठलंही यंत्र चांगलंच दिसतं.

मग स्वतःला विचारा, की हा प्रश्न शिकवण्याचा आहे तरी का? सोपी कसोटी आहे. त्याच ट्रेनीला बाजूला घ्या, घाई नाही असं सांगा आणि तोच बोल्ट बरोबर आवळून दाखवायला सांगा. त्याने बरोबर करून दाखवलं, तर त्याला येतं आहे. चूक दुसरीकडे आहे : दोन स्टेशनना मिळून एकच रेंच असेल, सायकल टाइम (एका नगाला मिळणारा वेळ) इतका तंग असेल की हात थांबवायला सवड नाही, किंवा शिफ्ट संपताना सुपरवायझर 'आटप' म्हणत उभा असेल. अशा चुकीवर कोर्स विकत घेणं म्हणजे जखम पायाला आणि मलम डोक्याला. त्यात कामगारावर अन्यायही होतो : जे त्याच्या हातात नाही त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा स्क्रीनसमोर बसवलं जातं आणि रेकॉर्डवर 'रिट्रेनिंग' लागतं.

कामातला कुठला भाग स्क्रीनवर येतो, कुठला येत नाही

टॉर्क रेंचचंच जवळून बघू. क्लिक पद्धतीच्या रेंचवर काम करणाऱ्याला पाच गोष्टी याव्या लागतात. ड्रॉइंगवरचा आकडा वाचणं. मुठीवरचं स्केल त्या आकड्यावर लावून लॉक करणं. हात मुठीच्या मधोमध धरणं, कारण हात पुढे-मागे सरकला की काही रेंचमध्ये बोल्टवरचा खरा टॉर्क बदलतो. सावकाश, एका दमात ओढून क्लिक येताच थांबणं. आणि काम झाल्यावर स्केल सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवणं, म्हणजे आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहत नाही.

यातली पहिली, दुसरी आणि पाचवी गोष्ट मोबाइलवरच्या चार मिनिटांच्या व्हिडिओने छान शिकवता येते. तिसरी व्हिडिओत दिसते, पण हातात बसत नाही. चौथी तर मनगटानेच शिकायची गोष्ट आहे. क्लिक नुसता कानाला ऐकू येत नाही, तळहाताला झटका बसतो, आणि त्या क्षणी ओढ सोडायची सवय लागावी लागते. व्हीआरचा कंट्रोलर थरथरतो, पण 45 न्यूटन-मीटरचा विरोध देत नाही. म्हणजे या चुकीपुरता हेडसेट निरुपयोगी. त्यापेक्षा भंगारातली जाड प्लेट, तिच्यावर सहा एम-10 बोल्ट, एक जुना पण कॅलिब्रेट केलेला रेंच आणि तपासायला डायल टॉर्क रेंच, एवढं सामान कोपऱ्यात मांडा. ट्रेनीने डोळे मिटून दहा वेळा ओढायचं आणि क्लिकवर थांबायचं. अर्ध्या तासात फरक दिसू लागतो.

असा तक्ता प्रत्येक कामाचा करा : डावीकडे कामाचे तुकडे, उजवीकडे प्रत्येक तुकड्यासमोर 'वाचून', 'बघून', 'ठरवून' किंवा 'हाताने'. स्क्रीन पहिल्या दोन प्रकारांत चांगली चालते. 'ठरवून' या प्रकारात, म्हणजे अलार्म वाजला तर आधी काय बंद करायचं, कोणाला फोन करायचा अशा निर्णयांत सिम्युलेशन, म्हणजे प्रसंगाची नक्कल, खरोखर मोलाचं ठरतं. आग, बंदिस्त टाकीत उतरणं, अमोनियाची गळती : हे प्रसंग खरे घडवून सराव देता येत नाही आणि घडतात तेव्हा दुसरी संधी मिळत नाही. विमानचालकांसाठी एड लिंकने 1929 साली बनवलेला ट्रेनर, म्हणजे जमिनीवरची नकली विमानाची पेटी, टिकला तो याच कारणाने. फक्त उपकरणांकडे बघून उडवताना खऱ्या विमानात डोळ्यांना जे दिसतं आणि हातांना जे करावं लागतं, तेच त्या पेटीतही करावं लागायचं. व्हीआरला विरोध करायचा नाही. तुमची चूक 'ठरवून' या प्रकारात बसते का, एवढं बघायचं.

रिचर्ड क्लार्क या अमेरिकी शिक्षण-संशोधकाने 1983 मध्ये एक उपमा दिली होती. शिकवण्याचं माध्यम हे किराणा आणणाऱ्या ट्रकसारखं आहे. ट्रक बदलल्याने घरातल्यांचं पोषण बदलत नाही, ट्रकमधून काय आलं त्याने बदलतं. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण खरेदीच्या टेबलावर ही उपमा फार कामाची आहे. वेंडर ट्रक दाखवत असेल तर ताडपत्री उघडायला लावा.

ब्रोशरमधल्या आकड्यांची चौकशी

प्रत्येक आकड्याला चार प्रश्न : कोणावर मोजलं, कशाशी तुलना केली, किती दिवसांनी मोजलं, आणि मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले. काही आकडे इतके फिरतात, की ते ओळखीचे असलेले बरे.

'माणूस वाचलेलं 10 टक्के लक्षात ठेवतो, बघितलेलं 30 टक्के आणि स्वतः केलेलं 75 किंवा 90 टक्के.' हा त्रिकोण किंवा शंकू दिसला की पान उलटा. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1946 मध्ये अनुभवांचा शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कोणी तरी चिकटवले. व्हीआरच्या स्लाइडवर '75 टक्के रिटेन्शन' (लक्षात राहणं) दिसतं ते बहुतेक वेळा याच झाडाचं फळ असतं.

'लक्ष टिकण्याचा काळ आता आठ सेकंदांवर आला, गोल्डफिशपेक्षाही कमी.' 2015 च्या एका मायक्रोसॉफ्ट अहवालातून हे वाक्य जगभर गेलं, पण तो आकडा त्यांनी स्वतः मोजलेला नव्हता आणि त्यामागे धड संशोधन सापडत नाही. तुमचाच ऑपरेटर सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) सेटिंग करताना चाळीस मिनिटं मान वर करत नाही. कंटाळवाण्या कोर्समधून लक्ष उडतं, हे खरं. त्यावर कोर्स सुधारणं हा उपाय, नुसते तुकडे करणं नव्हे.

'शिकलेल्यातलं 70 टक्के माणूस 24 तासांत विसरतो.' यामागे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा 1885 मधला विस्मरणाचा आलेख आहे. त्याचं काम भक्कम आहे, पण प्रयोग एकाच माणसावर, म्हणजे स्वतःवर होता आणि पाठ केलेली अक्षरं निरर्थक होती. स्वतःच्या मशीनबद्दल शिकणारा कामगार त्याच दराने विसरेल असं त्यातून निघत नाही.

'बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे' अशी कामगारांची विभागणी करून देणारं ॲप असेल, तर त्या सुविधेचे पैसे देऊ नका. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा प्रत्येकाच्या 'शैली'नुसार शिकवल्याने शिकणं वाढतं याला पुरेसा आधार मिळाला नाही.

आता एक खरा आणि प्रामाणिकपणे मोजलेला आकडा घेऊ, कारण गोंधळ तिथेही होतो. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने 2020 मध्ये व्हीआर ट्रेनिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून 'चौपट वेगाने शिकणं' आणि '275 टक्के जास्त आत्मविश्वास' ही दोन वाक्यं जगभरच्या ब्रोशरमध्ये गेली. मूळ आकडे बघा. तोच विषय वर्गात दोन तास, ई-लर्निंगमध्ये 45 मिनिटं आणि व्हीआरमध्ये साधारण अर्धा तास. म्हणजे चौपट हे वर्गाच्या तुलनेत. तुमच्याकडे आधीच ई-लर्निंग असेल तर फरक दीडपटीचा. 275 टक्के हा शिकणाऱ्यांनी स्वतःच सांगितलेला आत्मविश्वास. वर्गाशी तुलना केली की वाढ 40 टक्क्यांची आणि ई-लर्निंगशी केली की 35 टक्क्यांची. विषय होता मॅनेजरांसाठी सर्वसमावेशक नेतृत्वाचा. त्यात खोटं काहीच नाही. पण मॅनेजरचा आत्मविश्वास हा तुमच्या प्रेस शॉपमधलं रिजेक्शन कमी होईल याचा पुरावा होत नाही, आणि धोकादायक कामात कौशल्याआधी आलेला आत्मविश्वास तर नकोच असतो.

याच्या शेजारी मकरान्स्की, टेर्किल्डसन आणि मेयर यांचा 2019 मधला प्रयोग ठेवा. एकच प्रयोगशाळा-सिम्युलेशन विद्यार्थ्यांनी साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमध्ये केलं. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही भावना जास्त आली, पण शिकणं कमी झालं. डोळ्यांपुढे इतकं सगळं एकदम आलं, की विषयासाठी डोक्यात जागा कमी उरली, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

साहेबांशी बोलताना आणखी एक संदर्भ उपयोगी पडतो. 1913 मध्ये एडिसनने शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, सगळं चित्रपटांतून शिकवता येईल असं म्हटलं होतं. 2012 मध्ये मोफत ऑनलाइन विद्यापीठीय कोर्सची लाट आली तेव्हाही असंच बोललं गेलं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सचा जो अभ्यास 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये आला, त्यानुसार 2017-18 साली नाव नोंदवलेल्यांपैकी साधारण 3 टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. हे सांगायचं ते कोणाला गप्प करायला नाही, तर 'सहा महिने थांबलो तर मागे पडू' ही भीती उतरवायला.

डेमो तुमच्या मालावर, तुमच्या फोनवर

वेंडरचा डेमो त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या इंग्रजी कोर्सवर चालतो. तुम्ही त्याला चार दिवस आधी तुमची एक एसओपी (काम कसं करायचं याचा लेखी कागद) द्या आणि मीटिंगला एखाद्या कंत्राटी कामगाराकडे असतो तसा, दोन-तीन जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन घेऊन बसा.

मराठीची परीक्षा पहिली घ्या, कारण माल बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो. जुन्या एसओपी श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत टाइप केलेल्या असतील तर त्या दिसायला मराठी, पण आतून रोमन अक्षरांच्या खुणा असतात. ओळखायची युक्ती : एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर तो मजकूर एआयलाही वाचता येणार नाही आणि सर्चमध्येही सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतर करावं लागेल, आणि ते केल्यावर जोडाक्षरं आणि आकडे माणसाने वाचून तपासावे लागतील. तो खर्च कोटेशनमध्ये आहे का ते बघा, बहुधा नसतो.

मग सर्टिफिकेट काढून बघा. 'ज्ञानेश्वर', 'विठ्ठल', 'शिरीष', 'कऱ्हाडकर' असे शब्द नावात टाका. अनेक सिस्टिम स्क्रीनवर देवनागरी नीट दाखवतात, पण पीडीएफ करताना ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. आयुष्यातलं पहिलं सर्टिफिकेट घरी नेणाऱ्या माणसाचं नावच त्यावर मोडकं असेल, तर त्या ट्रेनिंगचा मान तिथेच संपतो.

एआयच्या मराठी आवाजाला आकड्यांची दहा वाक्यं वाचायला द्या : 0.05 मिमी, 45 न्यूटन-मीटर, 415 व्होल्ट, अर्धा इंच, 55 अंश. 'पंचावन्न'चं 'पचपन' होतं का, दशांश चिन्ह गिळलं जातं का, ते कान देऊन ऐका. भाषांतरात शॉप फ्लोअरचे शब्द राहिलेत का तेही पाहा. टॉर्कला 'आघूर्ण' आणि गेजला 'मापक' लिहिलेला कोर्स शुद्ध असेल, पण लाइनवर तो कोणालाच लागू पडणार नाही.

एआय ट्यूटर किंवा चॅटबॉट असेल तर त्याला तीस प्रश्नांचा पेपर द्या. वीस प्रश्न असे, की उत्तर तुमच्या एसओपीत स्पष्ट आहे. पाच असे, की उत्तर जुन्या आवृत्तीत वेगळं होतं आणि नवीन आवृत्तीत बदललं; दोन्ही फाइल सिस्टिममध्ये टाका. आणि पाच असे, की उत्तर कुठेच नाही. शेवटचे पाच सर्वांत जास्त सांगून जातात. तिथे बरोबर उत्तर एकच : 'हे माझ्याकडच्या कागदपत्रांत नाही, सुपरवायझरला विचारा.' ही मॉडेल्स पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचतात, म्हणून माहीत नसलेलंही ती तितक्याच सफाईने सांगतात. मशीन बंद करणं, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), रसायनांचं प्रमाण अशा प्रश्नात एकदा जरी रचलेलं उत्तर आलं, तरी ते लाइनवर सोडू नका. तीसपैकी अठ्ठावीस बरोबर ही शाळेत चांगली टक्केवारी आहे, प्रेससमोर नाही. प्रश्न लाइनवरच्या भाषेतही विचारा : 'रेंच टिक्क झाला की अजून थोडं ओढू का?' पुस्तकी प्रश्नाला नीट उत्तर देणारा बॉट इथे घसरतो.

आता नोंदींचा भाग. कोर्स स्कॉर्ममध्ये (ई-लर्निंग कोर्स बांधायच्या ठरलेल्या पद्धतीत) असेल तर त्याची झिप फाइल मागा आणि तुमच्या एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिमवर, स्वतः चढवा. चढलीच नाही तर आधी झिप उघडून बघा : मॅनिफेस्टची (कोर्सच्या भागांच्या यादीची) एक्सएमएल फाइल सगळ्यांत वरच्या पातळीवर हवी, फोल्डरच्या आत फोल्डर झाला की एलएमएसला ती सापडत नाही. चढल्यावर काहीही न वाचता फक्त 'पुढे' दाबत शेवटपर्यंत जा आणि घड्याळ लावा. अर्ध्या तासाचा कोर्स दोन मिनिटांत 'पूर्ण' दाखवत असेल, तर त्या '98 टक्के पूर्तता' अहवालाची किंमत तुम्हाला कळली. स्लाइड बघितल्या म्हणून पूर्ण की चाचणी पास झाली म्हणून पूर्ण, हे कोर्स बनवतानाच ठरवायचं असतं; दुसरा पर्याय मागून घ्या.

दुसरी तक्रार हमखास येते : चहाला उठून परत आलेल्या कामगाराला कोर्स पुन्हा पहिल्या पानावरून सुरू होतो. कारण साधं आहे. स्कॉर्म 1.2 मध्ये 'कुठपर्यंत आलो' ही नोंद ठेवायला 4,096 अक्षरांचीच जागा असते. लांबलचक कोर्स आणि भरपूर प्रश्न असले की ती भरते आणि पुढचं साठत नाही. कोर्सचे तीन-चार भाग करा, किंवा एलएमएस पेलत असेल तर स्कॉर्म 2004 ची तिसरी किंवा चौथी आवृत्ती घ्या; तिथे ही मर्यादा 64,000 आहे. आणि 'आमचं सगळं एक्सएपीआयवर (शिकण्याच्या नोंदी ठेवायच्या स्कॉर्मनंतरच्या पद्धतीवर) आहे' असं कोणी म्हणालं तर विचारा, नेमकी कुठली वाक्यं नोंदता? फक्त 'उघडलं' आणि 'संपवलं' एवढंच नोंदत असतील, तर जुन्या स्कॉर्मपेक्षा हाती जास्त काही येत नाही.

नेटचा हिशोबही तिथल्या तिथे करा. 1.5 एमबीपीएसचा व्हिडिओ दहा मिनिटं चालला की सुमारे 112 एमबी डेटा जातो. जेवणाच्या सुट्टीत चाळीस जणांनी एकदम लावला तर 60 एमबीपीएस लागेल, आणि कॅन्टीनचं वायफाय तेवढं देतं का हे आयटीवाल्यांना विचारा. कामगाराने स्वतःच्या रिचार्जवर कोर्स बघावा अशी अपेक्षा असेल, तर ते योग्य नाही. डाउनलोड करून ऑफलाइन चालणारा कोर्स मागा.

हेडसेटचा वेळ मोजा

व्हीआरच्या कोटेशनमध्ये हेडसेटची किंमत असते, शिफ्टचं गणित नसतं. समजा 300 कामगार आणि चार हेडसेट. सेशन 12 मिनिटांचं असलं तरी पट्टा बसवणं, चष्मा सांभाळणं, कंट्रोलर समजावणं आणि नंतर पुसणं धरून माणशी 25 मिनिटं जातात. एका हेडसेटवर तासाला दोन-अडीच माणसं. बॅटरी साधारण दोन तास चालते आणि पुन्हा भरायला तेवढाच वेळ लागतो. आठ तासांच्या शिफ्टमध्ये प्रत्यक्ष चार तास धरले, तर चार हेडसेटवर 35 ते 40 माणसं होतात. म्हणजे एक फेरी पूर्ण व्हायला आठ-नऊ शिफ्ट, आणि त्या सगळ्या वेळेत एक ट्रेनर तिथेच अडकलेला.

भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा; अल्कोहोलने त्यांवरचा थर खराब होतो. तोंडाला लागणारा फोम निघणारा आणि धुता येणारा घ्या, नाही तर मे महिन्यात तिसऱ्या माणसानंतर कोणी हेडसेट डोक्याला लावणार नाही. काहींना मळमळतं, त्यांना लगेच थांबायची मुभा हवी आणि त्याच दिवशी परत क्रेनवर किंवा फोर्कलिफ्टवर पाठवू नये.

पायलट : तीस माणसं, तीस दिवस

पायलट, म्हणजे खरेदीआधीची छोटी चाचणी, नेहमी यशस्वी होतो, कारण तो तसाच बेतलेला असतो. हौशी माणसं निवडलेली, दिवसपाळी, वेंडरचा माणूस शेजारी, आणि शेवटी 'आवडलं का?' असा फॉर्म. हे सगळं बदला.

हजेरीपटावरून एक सोडून एक नाव घ्या : पंधरा जण नव्या तंत्राने शिकतील, पंधरा जण सध्याच्या पद्धतीने, आणि दोन्ही गटांना तेवढाच वेळ द्या. निम्मे लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतले असू द्या. वेंडरचा माणूस पहिल्या दिवसानंतर आवारात नको. मोजणी तीनदा करा : आधी, संपल्यावर लगेच, आणि तीस दिवसांनी. मोजायचं तेच, जे पहिल्या कागदावर लिहिलं होतं. टॉर्कच्या उदाहरणात प्रत्येकाकडून सहा बोल्ट आवळून घ्या आणि कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या क्वालिटी इन्स्पेक्टरकडून तपासून घ्या. सहाच्या सहा बरोबर तो पास.

इथे एक चूक फार होते. पंधरा माणसांचे नव्वद बोल्ट होतात, म्हणून नव्वदावर टक्केवारी काढली जाते. माणसं मोजा, बोल्ट नको. एकाच माणसाचे सहा बोल्ट एकमेकांसारखेच असतात. आणि पंधरापैकी नऊ विरुद्ध दहा हा फरक नाही. सहा विरुद्ध तेरा असेल तर बोलण्यासारखं आहे. मधलं काही आलं तर आणखी तीस जणांवर पुन्हा करा.

तीस दिवसांनंतरची मोजणी का टाळायची नाही, याचं कारण एका जुन्या प्रयोगात आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने चित्र उलटलं : वाचणारे 42, आठवणारे 56. कोर्स संपल्या संपल्या घेतलेली चाचणी चुकीच्या पद्धतीला पास करू शकते, ती अशी.

आवडीच्या फॉर्मचंही तसंच. ब्रिटिश पोस्टात टपाल-वर्गीकरणासाठी पोस्टमनना टायपिंग शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी 1978 मध्ये वेगवेगळी वेळापत्रकं तपासली. दिवसाला एकच तास शिकणाऱ्या गटाला कळफलक यायला सुमारे 35 तास लागले, दिवसाला चार तास शिकणाऱ्यांना सुमारे 50. पण सर्वांत कमी समाधानी होता तो एक तासवाला गटच, कारण दिवस जास्त लागत होते. फॉर्म भरून घ्या, त्यातून माणसांना त्रास कुठे झाला ते कळतं; निर्णय त्यावर घेऊ नका.

तुलनेत एक तिसरा, फुकटचा पर्याय ठेवता आला तर जरूर ठेवा. सुपरवायझरने आठवड्यातून तीनदा, शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये दोन प्रश्न विचारायचे, न बघता उत्तर घ्यायचं, चुकलं तर तिथेच दाखवायचं. तेच प्रश्न आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा. नवं तंत्र याच्या पुढे जात नसेल, तर ते पैसे कशासाठी?

करार

फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले कोर्स 31 डिसेंबर 2020 नंतर बंद पडले, आणि ज्यांच्याकडे मूळ फाइल नव्हत्या त्यांना ते नव्याने बनवून घ्यावे लागले. म्हणून करारात लिहून घ्या, की कोर्सची मूळ, बदलता येणारी फाइल तुमची. नुसती झिप नव्हे. कामगारांच्या नोंदी केव्हाही एक्सेलमध्ये काढता येतील आणि करार संपल्यावर वेंडरच्या सर्व्हरवरून पुसल्या जातील. भाडं खरोखर लॉगिन करणाऱ्या माणसांवर, पटावरच्या संख्येवर नाही. कंत्राटी कामगार बदलत राहतात, त्यामुळे जुनं नाव काढून नवं घालायला पैसे नकोत. एसओपी बदलली की किती दिवसांत आणि किती रुपयांत कोर्स बदलून मिळेल, तो आकडाही त्यातच.

कॅमेऱ्यातून 'लक्ष आहे की नाही' किंवा चेहऱ्यावरचे भाव टिपणारी सुविधा असेल तर ती बंद करून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहे, आणि युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा तेवढा अपवाद आहे. पालक कंपनी जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये असेल तर हा मुद्दा त्यांच्या कायदा विभागाला आधीच कळवा. आणि कायदा नसता तरी, शिकताना गोंधळलेल्या माणसाच्या चेहऱ्याची नोंद त्याच्या मॅनेजरकडे जाऊ नये.

सही पहिल्या वर्षापुरतीच करा. आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर काढायला लावा. निघालं नाही तर नोटिशीच्या मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख ट्रेनिंग, परचेस आणि क्वालिटी या तिघांच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या दिवशीच्या मीटिंगला पहिला कागद, चुकीचं ते एक वाक्य आणि त्या महिन्यात लाइनवर तपासलेल्या बोल्टांचा आकडा घेऊन बसा.